अमेरिकेची फॉरेन पॉलिसी आपल्याला ठरवायला दिली तर? एका संध्याकाळची पद्धत

यूपीएससीचा इंटरव्ह्यू असो, एमपीएससीचं मेन्स असो, नाहीतर नागपूरच्या लक्ष्मीभुवन चौकातली रात्रीची बहस असो, "बदलत्या जगात अमेरिकेने आपलं धोरण कसं बदलावं" असं कोणी विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. मित्रदेशांना सोबत घ्यावं, चीनला रोखावं, रशियाला आवरावं, मिडल ईस्टमध्ये शांतता आणावी, क्लायमेटवर पुढाकार घ्यावा आणि घरची इकॉनॉमीही मजबूत करावी. यात चुकीचं काय, तर काहीच नाही, आणि म्हणूनच ते उत्तर बिनकामाचं आहे. पाहिजे तर सगळंच पाहिजे ना बे, पण पैसा कुठून येणार, जहाजं किती आहेत, आणि यातलं काय नाही झालं तरी चालेल हे कोणी सांगतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या कागदावर "हे सोडलं" असा रकाना नाही तो कागद म्हणजे धोरण नाही, ती नुसती इच्छांची यादी आहे. खालची पद्धत तो रकाना भरायला लावते. 12 जण लागतात, एक रविवारची संध्याकाळ लागते, चहा आणि तर्री पोह्याचा खर्च ज्याचा त्याचा.

पद्धत आपली नाही, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची आहे. 1953 साल. मार्चमध्ये स्टॅलिन गेला, कोरियात लढाई अजून चालूच, डिफेन्सचा खर्च फुगलेला, आणि स्वतःच्याच पक्षातले लोक म्हणून राहिले की सोव्हिएतला नुसतं अडवून काय होते, पूर्व युरोप सोडवून घ्या. आयझेनहॉवर स्वतः जनरल राहिलेला माणूस, त्याने कोणाशी वाद घालत बसण्यापेक्षा तीन टीम केल्या. व्हाईट हाऊसच्या वरच्या मजल्यावर उन्हाची खोली आहे, सोलॅरियम, तिथे ही गोष्ट ठरली म्हणून त्याचं नावच प्रोजेक्ट सोलॅरियम पडलं. टीम ए ने मांडायचं की चालू आहे तेच अडवण्याचं धोरण पण दमाने आणि परवडेल असं, टीम बी ने मांडायचं की एक रेषा आखा आणि ती ओलांडली तर सरळ मोठं युद्ध असं सांगून टाका, टीम सी ने मांडायचं की मागे रेटा. प्रत्येक टीमने आपली बाजू वकिलासारखी पूर्ण ताकदीने लढवायची, मधला मार्ग काढायचा नाही, मधला मार्ग काढणं हे वरच्या माणसाचं काम. नॅशनल वॉर कॉलेजमध्ये काही आठवडे बसून, गुप्त माहिती वगैरे सगळं हाताशी घेऊन त्यांनी काम केलं आणि 16 जुलै 1953 ला व्हाईट हाऊसमध्ये मांडलं.

यातली मजेची गोष्ट म्हणजे टीम ए चा प्रमुख होता जॉर्ज केनन, म्हणजे अडवण्याच्या धोरणाचा मूळ बापच, आणि त्याला परराष्ट्रमंत्री डलेसने त्याच वर्षी खात्यातून घरचा रस्ता दाखवला होता. म्हणजे ज्याला काढलं तोच समोर उभा राहून बोलून राहिला आणि ज्याने काढलं तो खुर्चीत बसून ऐकून राहिला. असे बॉस आपल्याकडे किती मिळतील ते सोडा. पुढे ऑक्टोबरमध्ये एनएससी 162/2 नावाचा कागद (एनएससी म्हणजे राष्ट्राध्यक्षांची नॅशनल सिक्युरिटी कौन्सिल) मंजूर झाला, त्यात पाया बराचसा केननच्या टीमचा, अणुबॉम्बच्या धाकावर भर टीम बी कडून, आणि टीम सी चं मागे रेटण्याचं मोठं स्वप्न बाजूला.

कोण कुठे बसेल

तीन टीम, प्रत्येकी तिघं. एक बॉस, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही (हे सगळ्यात कठीण काम आहे, ग्रुपमध्ये जो जास्त बोलतो त्यालाच मुद्दाम हे द्या). एक हिशेबनीस. आणि एक खुर्ची तिसऱ्या देशाची, तिच्यावर नंतर येतो.

हिशेबनीस म्हणून हुशार पोरगा घेऊ नका, ज्याने खरंच काही बनवलंय किंवा खरेदी केलंय असा माणूस घ्या. नागपुरात असे लोक शोधावे लागत नाहीत, वाडी-अंबाझरीकडे ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले काका गल्लोगल्ली आहेत, इतवारीतला एखादा ठोक व्यापारीही चालेल. पोरं "अमेरिका उत्पादन वाढवेल" असं एका वाक्यात लिहून मोकळी होतात, आणि असे काका विचारतात की वाढवेल म्हणजे कसं, मशीन कुठून आणेल, माणूस किती दिवसांत तयार होते. हा प्रश्न मी कोणत्याच क्लासमध्ये ऐकलेला नाही.

जागा म्हणाल तर अभ्यासिकेत आवाज करता येत नाही म्हणून कोणाच्या तरी घरचा हॉल, उन्हाळ्यात गच्ची पण रात्री 8 च्या आधी नको, मे महिन्यात स्लॅब तापलेलाच असतो. मोबाईल पहिल्या तासात आकडे शोधायला ठेवा, नंतर एका पिशवीत जमा. नाहीतर टीम सी रील पाहत बसते.

आधी खिसा तपासा

सगळ्यांनी मिळून, टीम पाडायच्या आधी, एका मोठ्या कागदावर हातात काय आहे ते लिहायचं. उद्देश आधी लिहायचे नाहीत हे पक्कं लक्षात ठेवा, उद्देश आधी लिहिले की मग आकडे त्यांच्या मागे ओढत नेले जातात.

काही आकडे मी देतो, बाकीचे तुम्ही काढा. सिप्री, म्हणजे लष्करी खर्च मोजणारी स्टॉकहोमची संस्था, तिच्या हिशेबाने 2024 मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च 997 अब्ज डॉलर, चीनचा अंदाजे 314, रशियाचा 149, भारताचा 86. हे वाचून काही पोरं लगेच खुश होतात की मग काय प्रॉब्लेम आहे. प्रॉब्लेम पुढच्या ओळीत आहे. अमेरिकेचं केंद्र सरकारचं कर्ज ऑक्टोबर 2025 मध्ये 38 ट्रिलियन डॉलरच्या वर गेलं, आणि 2024 च्या आर्थिक वर्षात नुसत्या व्याजापायी गेलेला पैसा डिफेन्सच्या खर्चाहून जास्त निघाला. म्हणजे जगातलं सगळ्यात खर्चिक सैन्य पोसणारा देश सैन्यापेक्षा सावकाराला जास्त देऊन राहिला. विदर्भातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

मग कारखाने. जगात बनणाऱ्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून जास्त चीनमध्ये बनतात, अमेरिकेचा वाटा 1 टक्काही नाही. चीनच्या नौदलाकडे 370 च्या वर जहाजं, अमेरिकेकडे 300 च्या आत. आता जहाजांच्या संख्येवर जाऊ नका, अमेरिकेची जहाजं मोठी आहेत, 11 विमानवाहू नौका आहेत, पाणबुड्या कितीतरी सरस आहेत, पण एक बुडालं तर दुसरं किती वर्षांत येईल हा प्रश्न संख्येचाच आहे. आणि चीनचं सगळं नौदल घराजवळ असतं, अमेरिकेचं तीन महासागरांत वाटलेलं.

रेअर अर्थ, म्हणजे मोटारी-इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे खास धातू, हाही खिशाचाच भाग. जगातली जवळपास 90 टक्के प्रोसेसिंग चीनच्या हातात, 2025 च्या एप्रिलमध्ये बीजिंगने सात प्रकारच्या रेअर अर्थवर परवान्याची अट घातली तर वाहन कंपन्यांची धावपळ झाली. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या खिशात काय, तर डॉलर, मोठी युनिव्हर्सिटी, चिप डिझाईन, भांडवल बाजार, आणि जगाच्या जीडीपीत साधारण एक चतुर्थांश वाटा. हेही लिहा, नाहीतर कागद रडका होतो.

मग शब्द कुठे कुठे दिलाय ते पाहा

ही यादी करताना पोरांचे डोळे उघडतात. नाटो, 32 सदस्य, म्हणजे अमेरिका सोडून 31 देशांना शब्द. जपान, 1960 चा करार, तिथे 50 हजारांच्या वर अमेरिकन सैनिक. दक्षिण कोरिया, 1953, तिथे 28,500. फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलिया, 1951. लॅटिन अमेरिकेसोबतचा रिओ करार, 1947. तैवानशी करार नाही, 1979 चा कायदा आहे, त्यात शस्त्रं देऊ म्हटलंय पण लढायला येऊच असं म्हटलेलं नाही, आणि हे मुद्दामच अर्धवट ठेवलेलं आहे. इस्रायलशी परस्पर संरक्षणाचा लेखी करारच नाही, तरी प्रत्यक्षात काय होते ते आपण पाहतोच. कतारला तर 2025 मध्ये नुसत्या एका कार्यकारी आदेशाने सुरक्षेची हमी दिली, सिनेटचं मत नाही काही नाही, फक्त सही.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे दोन खुणा करा. हे मोडलं तर अमेरिकेच्या स्वतःच्या घराला काय धोका, आणि हे पाळायला लागलं तर नेमकं कोणाला पाठवणार. बऱ्याच नावांपुढे दुसऱ्या रकान्यात तेच सैनिक, तीच जहाजं, तेच मिसाईल परत परत लिहावे लागतात. वॉल्टर लिपमन नावाच्या पत्रकाराने 1943 मध्येच लिहून ठेवलं होतं की दिलेले शब्द आणि हातातली ताकद यांचा मेळ बसला पाहिजे आणि वर थोडी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. तुमच्या कागदावर ती शिल्लक राहून राहिली का ते पाहा, म्हणजे युरोपात आणि तैवानजवळ एकाच महिन्यात पेटलं तर काय उरते.

पहिला, दुसरा, तिसरा, आणि बरोबरीत कोणी नाही

केननचं डोकं इथे कामी येते. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्याने म्हटलं की जगात मोठं युद्ध लढता येईल एवढी कारखान्यांची ताकद पाचच ठिकाणी आहे, अमेरिका, ब्रिटन, जर्मनीचा ऱ्हाईनकडचा भाग, जपान आणि सोव्हिएत युनियन. शेवटचं एक तर समोरच्याकडेच आहे, बाकी तीन त्याच्या हातात जाऊ द्यायची नाहीत, झालं. बाकी सगळं जग महत्त्वाचं नाही असं नाही, पण त्यासाठी अमेरिकेने जीव टाकायचा नाही. पुढे 1950 मध्ये एनएससी 68 आलं, त्यात सगळीकडची रेषा सारखीच महत्त्वाची झाली, आणि मग त्या रस्त्याने गाडी व्हिएतनामपर्यंत गेली.

तर आज असे पाच कोणते ते तुम्ही ठरवा. माझे मी सांगतो, वाद घाला. तैवान-जपान-कोरिया हा पट्टा पहिला, कारण सगळ्यात पुढच्या दर्जाच्या चिप्सपैकी 90 टक्क्यांच्या आसपास एकट्या तैवानमध्ये बनतात आणि तो पट्टा गेला तर अमेरिकेला पॅसिफिकमध्ये उभं राहायला जागा नाही. पश्चिम युरोप दुसरा, पण तो श्रीमंत आहे, स्वतःचं पाहू शकतो, 2025 च्या हेग समिटमध्ये नाटोने 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्क्यांपर्यंत जायचं कबूलही केलंय. स्वतःचं अंगण, म्हणजे मेक्सिको, कॅरिबियन, पनामा, तिसरं. इथे माझं आणि वॉशिंग्टनचं जमत नाही, कारण डिसेंबर 2025 च्या नॅशनल सिक्युरिटी स्ट्रॅटेजीत त्यांनी अंगणालाच वर बसवलंय, 1823 च्या मन्रो डॉक्ट्रिनची (अमेरिका खंडात युरोपने लुडबुड करायची नाही, या जुन्या धोरणाची) धूळ झटकून. आखाताचं तेल चौथं, आणि ते खाली घसरत चाललंय कारण अमेरिका आता स्वतःच जगातला सगळ्यात मोठा तेल उत्पादक आहे. पाचवा मी भारत लिहितो, आता तुम्ही म्हणाल की आपला म्हणून लिहिला, लिहिला तर लिहिला बाप्पा, पण हिंदी महासागरात चीनला तोलायला दुसरा एवढ्या आकाराचा देश दाखवा.

बरोबरी चालणार नाही हा नियम कडक ठेवा. "दोन्ही सारखेच महत्त्वाचे" असं कोणी म्हटलं की हिशेबनीसाने त्याच्या चहाचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे.

आता टीम पाडा

टीम ए ची बाजू, आवरतं घ्या. युरोपचं युरोपकडे, मिडल ईस्टमधले तळ कमी, आशियातही जपान-कोरियाने पुढे उभं राहायचं आणि अमेरिकेने मागून बळ द्यायचं, वाचलेला पैसा घरी. टीम बी, आशिया आधी. जे काही चांगलं सामान आहे ते पॅसिफिककडे, बाकी ठिकाणी उरलंसुरलं. टीम सी, सगळीकडे आपणच पहिले, आणि त्यासाठी डिफेन्सचा खर्च वाढवायचा, गरज पडली तर खूप वाढवायचा.

चिठ्ठ्या टाकून टीम पाडा, आवडीने पाडू नका. ज्याला चीनचं नाव काढलं की राग येतो त्याला टीम ए मिळाली तर त्या संध्याकाळी सगळ्यात चांगलं काम तोच करतो. प्रत्येकाला 40 मिनिटं, एक पान, आणि त्या पानावर "सोडलं" नावाचा रकाना, त्यात किमान तीन गोष्टी आणि प्रत्येकीपुढे कोण नाराज होईल आणि तो नाराज झाल्यावर काय करेल. हा शेवटचा भाग लिहिल्याशिवाय पान घ्यायचं नाही. टीम सी म्हणते आम्ही काहीच सोडत नाही. मग त्यांनी घरात काय सोडलं ते लिहावं, पेन्शन की मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा), की टॅक्स वाढवणार, कारण पैसा झाडाला लागत नाही.

मांडून झालं की काकांची पाळी. एक प्रसंग सांगतो. टीम बी च्या पोरीने छान मांडलं होतं, तैवानला शस्त्रं द्या, युक्रेनचं युरोपवर सोडा, वगैरे. काका म्हणाले, ठीक आहे बेटा, गोळे किती? तिने आकडा काढला होता, युक्रेन युद्धाच्या आधी अमेरिका 155 एमएमचे तोफेचे गोळे महिन्याला साधारण 14 हजार बनवायची, मग टार्गेट महिन्याला 1 लाखाचं ठेवलं. काका म्हणाले, टार्गेट सोड, गोळ्याचं कवच एका कारखान्यात फोर्ज होते, बारूद भरायचं काम दुसरीकडे होते, आपल्याकडे भद्रावतीची फॅक्टरी भरायचंच काम करते, फ्यूज तिसरीकडून येतो, आणि यातला एक जरी अडला तर बाकीचे दोन रिकामे बसतात, तर तुझ्या लाखातला अडणारा तुकडा कोणता? ती म्हणाली माहीत नाही. काका म्हणाले मग ते पानावर लिही की माहीत नाही आणि ते शोधायला कोणाला पाठवणार. तिचं पान त्या एका ओळीने तिघांत सगळ्यात चांगलं झालं असं माझं मत आहे.

तिसऱ्या देशाची खुर्ची

मोठ्या देशाची पॉलिसी लिहिताना सगळे फक्त समोरचा मोठा देश पाहतात. मधले जे आहेत ते उत्तर देतात, आणि लवकर देतात. 1971 चंच घ्या. निक्सनला चीनचं दार उघडायचं होतं, त्यासाठी पाकिस्तानचा रस्ता वापरला, जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला गेला, आणि त्या रस्त्याची किंमत म्हणून पूर्व पाकिस्तानात जे चाललं होतं त्यावर वॉशिंग्टन गप्प बसलं. सोव्हिएतला एकटं पाडायच्या दृष्टीने डाव भारी होता, कबूल. पण भारताने 9 ऑगस्टला, म्हणजे महिन्याभरात, मॉस्कोशी मैत्री करार केला, डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आलं, आणि ते आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या अजूनही डोक्यातून गेलेलं नाही. पुढची कितीतरी वर्षं भारताची शस्त्रं कुठून आली ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून ही खुर्ची ठेवा, आणि तिच्यावर बसणाऱ्याला कॉटन मार्केटची माहिती असली तर अजून चांगलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतावरचं टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं, त्यातलं 25 टक्के रशियन तेलाच्या नावाने. वॉशिंग्टनच्या कागदावर याचं नाव काय असेल, तर रशियावर दबाव. आता तो दबाव इकडे कसा पोचला पाहा. कापड निर्यातदार अडचणीत आले, त्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून आपल्या सरकारने कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी 19 ऑगस्टपासून काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका यवतमाळ-वर्ध्याचा कापूस घरात येतो तेव्हाच. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, आणि खाजगी व्यापारी त्याच्या खाली मागून राहिले, शेतकरी सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या महामंडळाच्या) ॲपवर नोंदणी करत फिरून राहिला. मॉस्कोला धडा शिकवायला निघालेली गोष्ट हिंगणघाटच्या मार्केट यार्डात येऊन बसली. आणि ऑगस्ट संपता संपता मोदी सात वर्षांनी चीनला गेले, तियानजिनमध्ये शी आणि पुतिन यांच्यासोबतचे फोटो जगाने पाहिले.

भारताने फार मोठा पलटा मारला असं मी म्हणत नाही, फोटो म्हणजे करार नाही. पण 2008 च्या अणुकरारापासून, खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून, दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी हळूहळू जो विश्वास जमवला होता तो एका उन्हाळ्यात खर्च झाला, आणि तो कोणत्या रकान्यात खर्च म्हणून लिहिलेलाच नव्हता. तर खुर्चीवरच्याने प्रत्येक टीमला एकच विचारायचं, तुमच्या या धोरणाने माझ्या घरात कोणाचं नुकसान होते, आणि तो माणूस कोणाला मतदान करतो. शेतकरी सगळीकडे सारखाच असतो, त्याच वर्षी चीनने अमेरिकन सोयाबीन घेणं थांबवलं तर तिकडच्या आयोवा-इलिनॉयवाल्यांनी आरडाओरड केलीच, आणि ऑक्टोबरअखेर बुसानला ट्रम्प-शी भेटीत सोयाबीन टेबलावर आलंच.

उलटेल का ते तपासा

हे बहुतेक जण विसरतात. ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप या व्यापार करारावर 2016 मध्ये सही, 2017 मध्ये बाहेर. इराणचा अणुकरार 2015, 2018 मध्ये बाहेर, आणि त्यामुळे 2019 पासून आपल्याला इराणचं तेल बंद करावं लागलं. क्लायमेटच्या पॅरिस करारात आत, बाहेर, परत आत, परत बाहेर. समोरच्या देशाने यातून काय शिकायचं, की अमेरिकेशी केलेला करार चार वर्षांचा आहे असं समजूनच चाला. म्हणून प्रत्येक टीमने आपल्या पानावर खूण करावी की यातलं सिनेटमधून दोन तृतीयांशने पास होईल असं काय, साध्या कायद्याने होईल असं काय, आणि नुसत्या सहीवर उभं आहे असं काय. सहीवर उभ्या असलेल्या गोष्टीवर मित्रदेशाला दहा वर्षांचा कारखाना टाकायला सांगू नका, तो टाकणार नाही. टीम सी चं बजेट काँग्रेसमध्ये अडकते, टीम ए चं सैन्य मागे घेणंही अडकते, कारण कोरिया आणि युरोपातली संख्या कमी करण्यावर काँग्रेस डिफेन्सच्या कायद्यातच अटी घालून ठेवते.

बॉसचं पान

सगळं ऐकून झाल्यावर बॉसने 20 मिनिटं एकट्याने बसायचं आणि एक पान लिहायचं. तीन टीमची भेळ करायची नाही, एक पाया निवडायचा आणि दुसऱ्यांकडून फार तर एकेक गोष्ट घ्यायची. माझं पान कोणी मागितलं तर पाया टीम बी चा, टीम ए कडून मिडल ईस्टमधून हात आखडता घेणं, टीम सी कडून फक्त जहाजबांधणी आणि दारूगोळ्यावरचा वाढीव खर्च, कारण तो कोणत्याही धोरणात वाया जात नाही. "सोडलं" मध्ये मी लिहीन, युक्रेनचा मुख्य भार, मित्रदेशांवरचं टॅरिफ, आणि दुसऱ्यांच्या देशात सरकारं बदलायचा नाद. पहिल्याने पोलंड आणि बाल्टिकवाले नाराज होतील, त्यांच्यासाठी वेळापत्रक जाहीर करावं लागेल, एका रात्रीत नाही, 2021 च्या काबूलसारखं तर अजिबात नाही. दुसऱ्याने अमेरिकेतलेच काही कामगार आणि मालक नाराज होतील, आणि ते मित्रदेशांपेक्षा जास्त आवाज करतात, तर त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, जहाजबांधणीतल्या नोकऱ्या हे अर्धं उत्तर आहे.

पानावर तारीख टाका आणि ग्रुपवर फोटो टाकून ठेवा, पुढची स्ट्रॅटेजी आली की शेजारी ठेवून पाहता येते.

हेच चीनसाठी करायचं असेल तर तीन बदल करा. शब्दांची यादी खूप छोटी होईल, कारण चीनचा लेखी संरक्षण करार फक्त उत्तर कोरियाशी आहे, 1961 चा, त्यामुळे तो वेळ शेजाऱ्यांवर घाला, जमिनीवरून 14 देश लागतात आणि त्यातल्या भारत आणि भूतानशी सीमेचा वाद अजून मिटलेला नाही. सिनेटच्या जागी पक्षाच्या आतली भीती लिहा, म्हणजे वाईट बातमी वर कोण सांगते आणि सांगितल्यावर त्याचं काय होते. आणि हिशेबनीसाला जहाजांऐवजी म्हाताऱ्यांचे आकडे द्या, 2022 पासून तिथली लोकसंख्या घटून राहिली आहे. तिसऱ्या देशाच्या खुर्चीवर तेव्हा व्हिएतनामला बसवा, आपल्याला नको, नाहीतर पूर्ण संध्याकाळ गलवानवरच जाते.